बादशा-वजीर आणि माझे साडभाऊ

बैलांच्या जिवावर माणसं जगत आली, असं आम्ही मास्तर लोक वर्गात शिकवतो. पण माणसाच्या जिवावर, तेही लॅपटॉपवर बोटं झिजवणाऱ्या माणसाच्या जिवावर, दोन म्हातारे बैल वर्षानुवर्षे आरामात जगले असतील, तर ते फक्त आमच्या वाशीमजवळच्या रिठद गावी. आणि त्यांना जगवणारे ते माझे साडभाऊ. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी वाशीमला शाळेत, पगार ठरल्या तारखेला. हे गृहस्थ कुठेच नोकरीला नाहीत आणि एकाच वेळी चार-पाच ठिकाणी कामाला. सासुरवाडीत कुणी नवा पाहुणा आला आणि 'हे काय करतात?' असं त्यानं विचारलं, की आमचे सासरे थोडा विचार करून म्हणायचे, 'ते इंटरनेटवर असतात.' एखादा जावई मिलिट्रीत असावा, तसा त्यांचा सूर असे. पाहुणाही मग आदरानं गप्प बसायचा.

तरुणपणी रिसोडला त्यांचा टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर आले, क्लास बसला. त्यांनी टाइपरायटर घरी आणून माळ्यावर ठेवले आणि त्याच आठवड्यात एक जुना लॅपटॉप घेतला. आधी बैलांची निगा आणि पिकांवरचे रोग यांवर ब्लॉग लिहायला घेतला. तो वाचून कुणीतरी फवारणी पंपाचं माहितीपत्रक मराठीत करून मागितलं. ते पाहून दुसऱ्या कुणीतरी मिक्सरचं मागितलं. असं करत करत रिठदच्या गोठ्यात बसून त्यांनी वॉशिंग मशीन, पाण्याचं फिल्टर, लहान मुलांची तीनचाकी आणि एकदा चक्क पोहण्याचा तलाव साफ करायचं यंत्र मराठीत आणलं. त्यांनी स्वतः अजून पोहण्याचा तलाव पाहिलेला नाही. माझ्या शाळेच्या वार्षिक अंकातला मजकूरही तेच तपासतात. माझं शुद्धलेखन सुधारून झालं की खाली पेन्सिलीनं 'मास्तर असून?' एवढंच लिहितात आणि मोबदला म्हणून वाशीमचं फरसाण घेतात.

कमाईच्या प्रत्येक वाटेला त्यांनी पिकाचं नाव दिलं होतं. भाषांतर म्हणजे सोयाबीन, कारण घर त्यावर चालायचं. ब्लॉग म्हणजे तूर. सोयाबीन निघून गेल्यावरही वावरात उभी राहणारी, जाहिरातींचे पैसे सावकाश देणारी. लग्नपत्रिकांचा मजकूर, दुकानांच्या पाट्या, उद्घाटनाची भाषणं हा मूग. दोन महिन्यांत मोकळा. एकदा ऐन फेब्रुवारीत, मुगाचा हंगाम नसताना, त्यांनी आमच्या सासूबाईंना फोनवर सांगितलं की यंदा मूग झकास झाला. सासूबाई दोन दिवस चिंतेत होत्या. शेवटी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं की थोरल्या जावयांची तब्येत ठीक आहे ना.

ही सगळी पेरणी कशासाठी, तर बादशा आणि वजीर यांच्यासाठी. हे त्यांच्या दावणीचे दोन बैल. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबाजींनी, बाजारात गोऱ्हे असताना निवडून आणलेले. बादशा पांढरा आणि गंभीर, वजीर तांबूस आणि खोडकर. पुढे गावात ट्रॅक्टर झाले, एकेक दावण रिकामी होत गेली, आणि याच सुमारास आबाजींची नजर गेली. नंतर पायही गेले. ओसरीतल्या खाटेवर पडून त्यांचा दिवस जायचा. पहाटे गोठ्यात बैलांनी माना हलवल्या की बादशाच्या गळ्यातली घाटी ठण करून वाजे आणि वजीरच्या गळ्यातली घुंगरमाळ खुळखुळे. ते दोन्ही आवाज ऐकल्यावरच आबाजी चहा मागत. एखाद्या दिवशी वजीर झोपून राहिला तर चहा निवून जाई, पण आबाजी थांबत.

माझी मेहुणी हिशेबी बाई. वावराचं जे काही येईल ते मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला, असं तिनं एकदाच सांगितलं. बिनकामाच्या बैलांना त्यातली एक पेंढी मिळणार नाही. साडभाऊंनी वाद घातला नाही. आबाजी आहेत तोवर जोडी दावणीला राहील आणि ती आपल्या बोटांच्या कमाईवर राहील, असा शब्द त्यांनी बायकोला दिला. वडिलांना यातलं काही सांगायचं नाही, हेही ठरलं. मला हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. बैलांसाठी ओव्हरटाइम करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

गिऱ्हाइकांशी वागायची त्यांची एक तऱ्हा होती. जगात कुठूनही व्हिडिओ कॉल येवो, पहिला प्रश्न ठरलेला, जेवण झालं का. बंगलोरच्या एक बाई त्यांना आवाजाची कामं द्यायच्या. त्या पुढे पुढे कॉल जोडल्याबरोबर स्वतःच 'खाना हो गया, भाऊ' असं सांगून मोकळ्या व्हायच्या. पण खरी पंचाईत भाव सांगताना व्हायची. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. साडभाऊ लहानपणापासून आबाजींच्या बोटाला धरून त्या बाजारात वाढलेले. चार लोकांत किंमत उच्चारणं त्यांना उघडंवाघडं वाटायचं. त्यामुळे कुणी दर विचारला की त्यांचा उजवा हात आपोआप खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली जायचा आणि ते कॅमेऱ्याकडे मोठ्या अपेक्षेनं बघत राहायचे. समोरच्याला वाटायचं, यांचा हात दुखावला आहे. पहिलं वर्ष असं फुकटात गेल्यावर मेहुणीनं ते खातं आपल्याकडे घेतलं. कॉल चालू असताना ती कॅमेऱ्याच्या बाहेर गहू निवडत बसे आणि वेळ आली की तिथूनच खणखणीत आवाजात आकडा सांगे. साडभाऊ तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत.

बंगलोरच्या बाईंची आवाजाची कामं म्हणजे काय, तर यंत्राला वऱ्हाडी बोली कळावी म्हणून कागदावरची वाक्यं आपल्या बोलीत बोलून रेकॉर्ड करायची. बसची चौकशी, दवाखान्याची वेळ, विजेची तक्रार असली वाक्यं. त्यासाठी शांत खोली लागते. मोबाइलची रेंज मात्र फक्त गोठ्यात. साडभाऊंनी गोठ्याच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी कडब्याच्या पेंढ्या छतापर्यंत रचल्या आणि मधे स्टूल टाकून स्टुडिओ केला. कडबा आवाज पितो, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं, आणि ते खरंही होतं. फक्त उन्हाळा लागेपर्यंत वजीरनं स्टुडिओची एक भिंत खाल्ली. पाठवलेल्यांपैकी शे-पाचशे वाक्यं परत आली, कारण मागे धातूचा आवाज येतो म्हणून. साडभाऊंनी कळवलं की तो धातू नसून बादशा आहे. तरीही काम नापास झालं. त्यांनी रेकॉर्डिंगच्या वेळेपुरती बैलांच्या गळ्यातली घाटी आणि घुंगरमाळ काढून पाहिली, तर आत ओसरीतून आबाजींनी हाका मारायला सुरुवात केली की बैल कुठं गेले. त्या हाका पुढच्या शंभर वाक्यांत गेल्या. ही सगळी नापास वाक्यं त्यांनी पुसली नाहीत. खराब झालं तरी आपल्या घरचं पीक आहे, म्हणून लॅपटॉपमध्ये तशीच ठेवली.

असं छान चाललं होतं. मग एका वर्षी सोयाबीन आणि तूर दोन्ही एकदम बसलं. वावरातलं नव्हे, यांचं. भाषांतर यंत्रच करू लागलं आणि माणसाला फक्त त्याच्या चुका पुसायचं काम उरलं, तेही निम्म्याहून कमी दरात. ब्लॉगपर्यंत कुणी यायच्या आत लोकांना इंटरनेटवर शोधतानाच आयतं उत्तर मिळू लागलं. मी भेटलो तेव्हा ते म्हणाले, ''तूर उभी हाय मास्तर, पण शेंगा भरून नाई राह्यल्या.'' मेहुणी रोज कडब्याच्या पेंढ्या मोजू लागली होती, आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. तेवढ्यात बंगलोरच्या बाईंनी एक मोठं काम आणलं. वर्षभराचं, दर महिन्याला ठराविक. त्यासाठी एक चाचणी द्यायची होती, आणि ती नेमकी पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत.

आता पोळ्याच्या आदल्या दिवशी काय करतात ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि कानात म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' ज्याला आवतन दिलं, त्याच्या मानेवर दुसऱ्या दिवशी जू ठेवायचं नाही. साडभाऊ दरवर्षी बैलांचं झालं की तेच आवतन लॅपटॉपलाही देत. बैलांना पोसणारा तिसरा बैल तोच, असं त्यांचं म्हणणं. पण इतकी वर्षं ते नुसतं हळदीचं बोट लावायचे. त्या वर्षी काम सुटत चाललंय या काळजीनं की काय, त्यांनी त्याला बैलासारखंच मनापासून चोळलं. तूप बटणांच्या फटींतून आत उतरलं.

लॅपटॉप चालत नाही असा मेहुणीचा पहाटेच फोन आला म्हणून मी माझा लॅपटॉप घेऊन पहिल्या बसनं रिठद गाठलं. दावणीला बादशा आणि वजीर झुली पांघरून, शिंगं रंगवून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी पाटावर तो लॅपटॉप, पिवळाधमक, वरून बेगड लावलेला. मी त्याची बटणं दाबून पाहिली, निम्मी खाली गेली ती वरच आली नाहीत. मेहुणी दारात पदर खोचून उभी होती. मी साडभाऊंना म्हटलं की काही बिघडलं नाही, मी माझा आणला आहे, याला कुणी आवतन दिलेलं नाही. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, वजीरच्या पाठीवरची झूल सारखी केली आणि शांतपणे म्हणाले, ''मास्तर, पोळ्याच्या दिवशी दुसऱ्याचा बैल मागून आणत नाई कोणी.''

मी पुष्कळ समजावलं. हे काम गेलं तर हीच जोडी बाजारात उभी राहील, आज यांच्यासाठीच बसा, असंही म्हटलं. ते ऐकत होते, नाही असं नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. पण त्यांनी फोन लावला तो बंगलोरच्या बाईंना. जेवण झालं का विचारलं, आज आमच्याकडे राबणाऱ्यांची सुट्टी असते म्हणून सांगितलं, फोन फिरवून बैल दाखवले. बाईंनी बैलांचं खूप कौतुक केलं. मुदत मात्र त्यांच्या हातात नव्हती. संध्याकाळी सहा वाजता साडभाऊ तोरणाखालून बैल घेऊन घरी येत होते आणि मेहुणी त्यांच्या पायांवर पाणी घालत होती. काम गेलं. तिनं बैलांना पुरणपोळी भरवली आणि साडभाऊंच्या पानात वाढताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

नंतरच्या महिन्यांत साडभाऊंनी जे केलं ते पाहून मला त्यांच्यावर हसणं जमेना. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवरचा मजकूर कधी लिहिणार नाही, असा त्यांचा जुना बाणा. आता लॅपटॉपची बटणं बदलून आणून ते तालुक्यातल्या कुणाच्याही वाढदिवसाला 'कार्यसम्राट' लिहून देऊ लागले. एका गल्लीत तीन-तीन कार्यसम्राट झाले. रिठद ते रिसोडच्या रस्त्यावर त्यांची भाषा उन्हात फडफडत असायची आणि ते गाडीतून जाताना मान खाली घालायचे. पण कडबा येत राहिला. जोडी दावणीला राहिली.

माघात वजीर गेला. आजार नाही, काही नाही. म्हातारा होऊन गेला. त्याला वावरातच पुरला. साडभाऊ त्या दिवशी पोरासारखे रडले, पण घराच्या बाहेर, वावराच्या धुऱ्यावर बसून, आबाजींना ऐकू जाणार नाही इतक्या लांब. दुसऱ्या दिवशी पहाटे आबाजी घुंगरमाळेची वाट बघत होते आणि चहा निवत होता. साडभाऊंनी वजीरची माळ बादशाच्याच गळ्यात बांधून पाहिली, पण घाटी आणि घुंगरं एकदमच वाजत. दोन बैल असे कधी वाजत नाहीत. मग त्यांना त्या नापास वाक्यांची आठवण झाली. कुणाला नको झालेल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये वजीर मनसोक्त मान हलवत होता. त्यांनी आपला आवाज कापून काढला, फक्त घुंगरं ठेवली, आणि रोज पहाटे बादशाची घाटी वाजली की कडब्यामागून लॅपटॉप हळूच सुरू करू लागले. आबाजी चहा पिऊ लागले.

चैत्रात मी रिठदला गेलो तेव्हा मेहुणीनं हे मला कानात सांगितलं. साडभाऊ कामात होते म्हणून मी आबाजींच्या खाटेवर जाऊन बसलो. त्यांनी चाचपून माझा हात धरला, अंगावरच्या चादरीखाली ओढून घेतला, बाजारात धरतात तसा, आणि हळू आवाजात म्हणाले, ''परवा सकाळी वजीर बोलला मास्तर. पुढची यष्टी कितीक वाजता हाय, म्हने. माह्या बैलानं जल्मात यष्टीत पाय नाई ठेवला.'' बसच्या चौकशीचं एक वाक्य कापायचं राहून गेलं होतं. मला हसू आवरेना. त्यांनी माझी दोन बोटं घट्ट दाबली. ''त्याले सांगू नको. लय मेहनत करून राह्यला पोरगा.''

मी सांगितलं नाही. आबाजी पावसाळ्याआधी गेले, अगदी शेवटच्या सकाळीही दोन्ही आवाज ऐकून, चहा घेऊन. बादशा त्यांच्यामागून दिवाळीपर्यंत होता. साडभाऊ अजून तसेच आहेत. मूग चालू आहे, तुरीला अधूनमधून शेंगा लागतात, बंगलोरच्या बाईंचं थोडंफार काम परत आलं आहे. आता कुणासाठी एवढं करता, असं मी विचारलं तर म्हणतात की सवय लागली. त्यांचा समज असा की आपण वडिलांना शेवटपर्यंत फसवलं. कधी विषय निघाला तर थोडे खजील होतात, थोडे खूशही. म्हणतात, आयुष्यात एकच काम पास झालं.

आता अडचण अशी आहे की माझा कुठलाही मजकूर त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि हा तर त्यांच्याकडे पाठवावाच लागेल. आबाजींनी बोटं दाबून माझ्याशी केलेला सौदा त्यात मोडतो, हे मला कळतं. पण वडिलांना सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ते रोज चहा मागत होते, हे त्या माणसाला कधीतरी समजायला हवं. आज खांदमळणी, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस, आहे. रिकाम्या दावणीपाशी त्यांनी एव्हाना लॅपटॉपला हळद लावली असेल, आणि उद्या ते काही उघडणार नाहीत. पोळा झाला की पाठवीन. सोबत फरसाणही देईन.